कुठल्या किनाऱ्यावरचा?

अंदमानच्या विमानतळावर, सामान तपासणीच्या पट्ट्याशेजारी, करड्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये एक शंख चालायला लागला. एका लहान मुलाच्या दप्तरातून निघालेले सात-आठ शंखशिंपले तपासनिसानं ट्रेमध्ये ओतले होते आणि "ये नहीं जाएगा" असं म्हणून तो पुढच्या बॅगेकडे वळलाही होता. हे वाक्य त्याला दिवसातून कितीदा म्हणावं लागत असेल कोण जाणे. मिनिटभरानं त्यातला सुपारीएवढा एक शंख हलला. कडेनं आधी दोन मिशा आल्या, मग एक जांभळट नांगी, मग पाय. गुळगुळीत तळावरून घसरत, खरवडत तो आख्खा ऐवज ट्रेच्या कोपऱ्याकडे निघाला. "आई, हा चालतोय!" मुलगा ओरडला. तपासनीस परत आला, त्यानं शंख दोन बोटांत उचलला आणि विचारलं, "कौन से बीच का है?" आईनं मागे वळून पाहिलं. "अहो, राधानगरचा असेल ना?" "नाही गं, राधानगरला कुठे वेचले आपण? ते कालचं, भरतपूर की लक्ष्मणपूर?" मुलगा म्हणाला, "जिथे मॅगी खाल्ली तिथला." मॅगी सगळीकडेच खाल्ली होती.

शंख एका खोक्यात गेला. रांग पुढे सरकली.

पाठवणार कुठे होता तो, हा भाग वेगळा. हॅवलॉक आणि नील ही बेटं तिथून बोटीनं दीड-दोन तासांवर, आणि एका खेकड्यासाठी कोण बोट धरणार? पण प्रश्न मात्र चोख होता, आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या आम्हा कुणाकडेच त्याचं उत्तर नव्हतं. पाच रात्री-सहा दिवसांच्या सहलीत किनारे पत्त्यांसारखे पिसले जातात. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम, पहाटेची बोट, राधानगर, एलिफंट, काळापत्थर, पुन्हा बोट, भरतपूर, लक्ष्मणपूर, तो दगडी पूल, पुन्हा बोट. घरी आल्यावर मोबाइलमध्ये चारशे फोटो आणि सगळे निळे. यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. रजा तेवढीच मिळते, तिकिटं महाग असतात, बरोबर आजी-आजोबा असतात, त्यांचे गुडघे असतात. तरी वाटतं, किनारे इतके सारखे नाहीत. मूठभर वाळू तळहातावर घेतली तरी कळावं इतके ते वेगळे आहेत.

राधानगर हॅवलॉकच्या पश्चिमेला, जेटीपासून बाराएक किलोमीटरवर, उघड्या समुद्राकडे तोंड करून आहे. लाटा थेट येतात आणि वाळू चाळत बसतात, म्हणून तिथली वाळू मैद्यासारखी. ओली असताना पाऊल टाकलं तर टाच रुतत नाही आणि ठसा कोरून काढल्यासारखा उठतो. शंखशिंपले तिथे फारसे मिळत नाहीत, त्या बाबांचं म्हणणं बरोबरच होतं. मागे समुद्री मोहाची झाडं, खांबासारखी सरळ, आणि त्यांच्या सावलीत दुपारीसुद्धा वाळू गार. त्याच बेटाच्या पूर्वेला विजयनगर म्हणजे पाच नंबरच्या किनाऱ्याला गेलं तर समुद्राची जातच बदलते. उथळ, लाटांशिवायचा, ओहोटीला इतका मागे सरकणारा की हॉटेलवाल्यानं दाखवलेल्या फोटोतलं पाणी गेलं कुठे म्हणून लोक चिडतात. मध्ये शेवाळलेले खडक, डबकी, डबक्यांत बोटाएवढे मासे. काळापत्थरला नावाप्रमाणे काळे खडक आणि त्यांच्यामध्ये पांढरी वाळू. आणि नीलवर, भरतपूर-लक्ष्मणपूरला, जी वाळू म्हणायची ती बहुतेक प्रवाळाचा चुरा असते. दाणे तांदळाच्या कणीएवढे, टोकेरी, अनवाणी चालताना तळव्याला टोचणारे. त्यात मध्येच एखादा लालभडक तुकडा सापडतो, बारीक नळ्यांची जुडी असल्यासारखा. तो ऑर्गन पाइप नावाच्या प्रवाळाचा, रंग मेल्यावरही न जाणारा.

हा चुरा काही सगळाच लाटांनी केलेला नाही. पोपटमासा पुढच्या दातांच्या चोचीनं प्रवाळावरचं शेवाळ खरवडतो, त्याबरोबर दगडही तोंडात येतो, घशातल्या दुसऱ्या दातांनी तो दळला जातो आणि मागून वाळू बाहेर पडते. पाण्यात तोंड घालून स्थिर राहिलं तर खरवडण्याचा आवाज ऐकू येतो, कुणी लांब भाजलेला पापड खात असल्यासारखा. मग वर येऊन त्याच पांढऱ्याशुभ्र वाळूवर लोक अंग टाकतात. सांगू नये कुणाला.

कोकणातल्या माणसाला किनाऱ्याच्या वरच्या अंगाला ओळखीचं बरंच भेटतं. वाळूवर पसरलेली मर्यादावेल तीच, जांभळ्या फुलांची, समुद्रानं इथवरच यावं असं बजावणारी. केवडा तोच, उंडी तीच, फक्त उंडीची खोडं आडवी होऊन पाण्यावर झुकलेली आणि त्यांना झोपाळे टांगलेले. भरती-ओहोटीच्या बाबतीत मात्र ओळख दाखवायला जाऊ नये. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन वाजता वगैरे. तो हिशोब मुंबई-कोकणचा. अंदमानला तो जसाच्या तसा लावला तर फसगत होते. तिथे पोहोचल्यावर पहिलं काम, जेटीवर किंवा डायव्हिंगच्या दुकानात भरतीचा तक्ता पाहायचा आणि त्या दिवसाची ओहोटीची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती साधारण पन्नास मिनिटं पुढे जाते. दुसरं, घड्याळावर विश्वास ठेवायचा नाही. घड्याळ भारताचं, सूर्य मात्र मुंबईच्या तास-सव्वातास पुढे. डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि साडेपाचला जंगलात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. "चहा घेऊन चारला निघू" हा आपला बेत तिथे म्हणजे थेट अंधारात जायचा बेत.

एलिफंट बीचची पायवाट या दोन्ही गोष्टींवर अवलंबून आहे. जेटीवरून मोटारबोटीनं वीसेक मिनिटांत तिथे जाता येतं आणि बहुतेक सगळे तसंच जातात. पायवाट राधानगरच्या रस्त्यावर वनखात्याच्या चौकीपासून निघते, दोनेक किलोमीटरची, रमतगमत चाळीस ते पन्नास मिनिटांची. पाऊस मोठा झाला असेल तर बंद ठेवतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. सुरुवातीला सुपारीच्या बागा आणि भातखाचरं, पूर्व बंगालमधून आणून वसवलेल्या कुटुंबांची. मग चढ लागतो. चढ दमवणारा नाही, पण माती चिकण आहे. आदल्या रात्री एक सर आली तरी तिचा लोण्यासारखा थर होतो आणि ट्रेकिंगचे महागडे बूट त्यात खाचा भरून सपाट होतात. गावकरी रबरी तळव्याच्या साध्या कॅनव्हासच्या किंवा प्लास्टिकच्या बुटांत सरसर जातात. उतारावर पाय आडवा टाकायचा, मुळांच्या वर नाही तर मुळांच्या मागे, म्हणजे घसरलं तरी मूळ अडवतं. माणशी लिटरभर पाणी लागतंच. अंतर कमी असलं तरी हवेत इतका दमट जडपणा असतो की घाम सुकत नाही, नुसता वाहतो.

या वाटेवर मोठं जनावर दिसेल या आशेनं कुणी जाऊ नये. वाघ-बिबटे या बेटांवरचे मूळचे नव्हेतच. हत्ती होते, तेही लाकूड ओढायला आणलेले, किनाऱ्याचं नाव त्यांच्यावरून. त्यातला राजन, समुद्रात पोहणारा म्हणून गाजलेला, 2016 मध्ये गेला. या बेटांवरचे चितळही इंग्रजांनी सोडलेले. खाणारं कुणी नाही, म्हणून वाढले आणि जंगलाची कोवळी रोपं चरत सुटले. गोड दिसतात खरे, पण बेटाच्या दृष्टीनं ते न गेलेले पाहुणे. खरे घरचे लहान आहेत. सुपारीच्या खोडावर नजर ठेवली तर पोपटी पाल दिसते, पाठीवर लाल ठिपके असलेली, अंदमानशिवाय कुठे न सापडणारी. आपल्या घरची पाल रात्रीची, ही भर उन्हात फिरते. माणूस दिसला की पळून न जाता खोडाला वळसा घालून मागे जाते आणि दुसऱ्या बाजूनं डोकं काढून बघते. पाचूसारख्या पंखांचा होला वाटेवरच टिपत असतो आणि पायाखाली येईपर्यंत उडत नाही. वर समुद्री गरुड, आपल्या कोकणातलाच.

मग जंगल एकदम संपतं आणि समोर वाळलेल्या झाडांचं मैदान येतं. उभी, पांढुरकी, फांद्यांसकट मेलेली झाडं, पायाशी चिखल आणि खारं पाणी. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात अंदमानची जमीन कललीच म्हणायची. उत्तरेकडचा भाग वर उचलला गेला, प्रवाळ पाण्याबाहेर येऊन उन्हात मेले. दक्षिणेकडचा भाग सुमारे मीटरभर खचला आणि जिथे पूर्वी भरतीचं पाणी पोहोचत नव्हतं तिथे ते दिवसातून दोनदा यायला लागलं. झाडांना पळता येत नाही. लाट आली आणि गेली याचे फोटो पुष्कळ आहेत. ही झाडं मात्र लाटेनं पडलेली नाहीत, नंतर मुळांशी मीठ साचत साचत उभ्या उभ्या वाळलेली आहेत. फोटोसाठी जागा झकास आहे आणि सगळे काढतात. काढताना ओंडक्यांच्या ओळीवरून पाय सरकला तर पोटरीपर्यंत चिखल. भरती असेल तर इथेच गुडघाभर पाणी असतं आणि ओंडके तरंगतात. म्हणून पायवाटेचा हिशोब उलटा मांडायचा, ओहोटीची वेळ धरून तिच्या आधी तासभर या मैदानात पोहोचलं पाहिजे. परत फिरतानाही तेच, आणि शेवटची वेळ दुपारी तीन. पुढे सूर्य ऐकत नाही.

तिवरांची खाडी, उथळ पाणी, संध्याकाळ या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मगरीचा विचार करायचा. अंदमानची मगर खाऱ्या पाण्यातली, पोहत एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणारी. राधानगरच्या जवळच, नील्स कोव्हला, 2010 मध्ये पोहणाऱ्या एका अमेरिकन पर्यटक तरुणीला मगरीनं नेलं. तेव्हापासूनचे फलक, जाळी, शिट्ट्या मारणारे जीवरक्षक हे उगाच सुट्टीत विरजण घालायला ठेवलेले नाहीत. ठरवून दिलेल्या पट्ट्यातच पोहायचं आणि सूर्य कलला की पाण्याबाहेर. त्यामानानं रोज सगळ्यांना छळणारा प्राणी अगदी बारीक असतो. सँडफ्लाय. सकाळ-संध्याकाळ कोरड्या वाळूवर पडून राहिलं की तीळभर माश्या पोटऱ्यांना चावतात, तेव्हा कळतही नाही, रात्री पुरळ उठतो आणि आठ-दहा दिवस खाज. वाळूवर थेट बसू नये आणि पायांना खोबरेल तेल जाडसर चोपडावं. माश्या तेलात चिकटतात, एवढंच त्यामागचं शास्त्र.

नीलवर वेगळी चाल. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या टोकाला जो नैसर्गिक दगडी पूल आहे तिथे जायला मेलेल्या प्रवाळाच्या पठारावरून चालावं लागतं, आणि ते पठार फक्त ओहोटीला वर येतं. इथे घोळ होतो तो असा. लोक ओहोटीच्या वेळेला किनाऱ्यावर पोहोचतात, मग चालायला लागतात, पुलाखाली तासभर फोटो, आणि वळतात तेव्हा पाणी घोट्याला. अजून तासानं गुडघ्याला. भरती एकसारखी चढत नाही. सहा तासांत जेवढं पाणी चढायचं त्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे पहिल्या तासात काहीच झालं नाही असं वाटतं आणि मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. उधाणाच्या दिवशी एकूण चढ दोनेक मीटरचा, तेव्हा दोन तासांत मीटरभर. भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत एवढं भय नसतं, पण तेव्हा पठारही पुरतं उघडं पडत नाही. ओहोटीच्या दीड तास आधी चालायला लागावं आणि ऐन ओहोटीला तोंड परत किनाऱ्याकडे असावं.

त्या पठारावरच्या डबक्यांपाशी मात्र कितीही वेळ गेला तरी कमीच. काळ्या काकडीसारखी पडलेली समुद्रकाकडी, भेगेतून बाहेर आलेले ब्रिटल स्टार या तारामाशाच्या भावकीतल्या प्राण्याचे केसाळ हात, महाशिंपल्याचे निळे-जांभळे मखमली ओठ. सावली पडली की ओठ आत जातात, बाजूला झालं की हळूहळू उमलतात. क्वचित खडकाच्या कपारीत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा समुद्री साप वेटोळं करून पडलेला असतो, खाल्लेलं पचवायला जमिनीवर आलेला. विष जबरदस्त, स्वभाव गरीब. हात लांब ठेवला की झालं. अनवाणी इथे मुळीच चालू नये. प्रवाळाचं खरचटणं दिसायला क्षुल्लक आणि चिघळायला पटाईत, लगेच गोड्या पाण्यानं खसखसून धुवावं. वाळूच्या पाण्यातून जाताना पाय उचलून टाकण्याऐवजी फरपटत न्यावा, म्हणजे वाळूखालचं पाकट दचकून आधीच निघून जातं. स्टोनफिश या दगडासारख्या दिसणाऱ्या विषारी माशाला फरपट कळत नाही, तो हलतच नाही, त्याच्यासाठी जाड तळवा. त्याचा काटा लागलाच तर पाय सोसेल तितक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा, म्हणजे विषाची धार कमी होते, आणि मग दवाखाना.

स्नॉर्केलिंगबद्दल एकच, कारण बाकी सगळं तिथली मुलं शिकवतातच. मास्क भाड्यानं घेताना पट्टा न लावता नुसता तोंडावर धरायचा आणि नाकानं श्वास ओढायचा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशी असेल तर पाणी आत येणारच, मिशीवर व्हॅसलिन चोपडावं. मास्कमध्ये पाणी शिरलं की माणूस घाबरतो, घाबरला की उभा राहतो, आणि उभा राहतो तो प्रवाळावर. दगडासारखं गोल वाढणारं प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं. टाचेखाली काय गेलं त्याचा हिशोब ज्याचा त्यानं करावा. आधीच 2010 आणि 2016 च्या उन्हाळ्यांत पाणी तापून इथले बरेच प्रवाळ पांढरे पडले होते.

आणि शंख. दिवसा उंडीखाली, रानबदामाच्या पाचोळ्यात ते नुसते पडलेले असतात. कोणीही उचलेल. संध्याकाळी वाळू निवली की सगळा पाचोळा खुसखुसायला लागतो आणि शे-दोनशे शंख पाण्याच्या रेषेकडे चालू लागतात. आतला खेकडा पुढून कवचाचा आणि मागून मऊ, मळसूत्रासारखं वळलेलं पोट शंखाच्या वळणात अडकवून ठेवलेला. डावी नांगी मोठी, आत शिरला की तिनंच दार लावतो. शंखात चमचाभर पाणी साठवून फिरतो, त्यावर त्याचे कल्ले ओले राहतात. वाढला की शंख पुरत नाही, आणि शंख काही त्याला बनवता येत नाही, मेलेल्या गोगलगायीचा मिळेल तोच. चांगला मोठा शंख किनाऱ्यावर आला की त्याभोवती खेकडे जमतात, चक्क लहान-मोठ्याच्या क्रमानं रांग लावतात. सर्वांत मोठा नव्या घरात गेला की त्याच्या जुन्यात दुसरा, दुसऱ्याच्यात तिसरा, मिनिटा-दोन मिनिटांत सगळी रांग एकेक खोली पुढे सरकते. चाळीतल्या पागडीच्या खोल्यांसारखं. ज्या दिवशी तो मोठा शंख कुणाच्या दप्तरात जातो त्या दिवशी सगळेच जुन्या खोलीत अवघडून राहतात. प्रवाळ आणि कित्येक जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात ते येतातच. दुकानातून घेतलेल्याचं बिल जपून ठेवलं तर विमानतळावर वाद होत नाही.

रिकामा आहे का हे पाहायचं असेल तर शंख सावलीत वाळूवर तोंड वर करून ठेवायचा आणि पाच मिनिटं हलायचं नाही. पाच मिनिटं ही सहलीत फार मोठी वेळ असते, लहान मुलाला तर असतेच. तोंडात जांभळट बूच बसवल्यासारखं दिसलं तर दार आतून लावलेलं आहे.

त्या दिवशी पट्ट्यावर ट्रे रिकामा झाला, दप्तर मिटलं, मुलगा मागे वळून वळून बघत आईच्या हाताला धरून गेला. ट्रे फिरून माझ्यापुढे आला. तळाशी थोडे दाणे राहिले होते, जाड, टोकेरी, तांदळाच्या कणीएवढे, आणि त्यात एक लाल. नीलचा असणार. भरतपूर की लक्ष्मणपूर एवढाच प्रश्न उरत होता. तपासनिसाला सांगावं म्हणून तोंड उघडलं, तोवर त्यानं ट्रे उलटा करून कडेवर आपटला आणि म्हणाला, "लॅपटॉप निकालिए."